नागनाथअप्पा सभा ऐकतात

नागनाथअप्पा एका पक्षाची सभा दोनदा ऐकतात. एकदा कमठाण्यात कन्नडमधून, एकदा आमच्या सीमेवरच्या भालकीत मराठीतून. मग भर सभेत उठून तिकडचं इकडे सांगतात, हातवाऱ्यांसकट.

त्या वर्षी एक नवाच पक्ष निघाला. खरी जनता म्हणजे तेच, बाकी सगळे चोर. त्याचा बोलका पुढारी कोण, तर अप्पांचाच धाकटा मुलगा, बसवराज. कमठाण्यात तो गरजला, "भालकीच्या आडत्यांनी तुम्हाला लुटलं!"

गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती वाहून मी माझी आडत उभी केली. मला लुटारू म्हणतो? बसवराजची भालकीत सभा ठरली तसे मी हमाल गोळा केले. कर्ण्याची वायरच तोडायची.

अप्पा दुकानात हजर. "कामून तोडायलास रे? उद्या गावोगाव सांगत फिरंल, मला बोलू दिले न्हाईत म्हणून. बोलू दे. मी हाय की."

"तुमचा पोरगा हाय, अप्पा! तुम्ही काय त्याला पाडणार?"

"पाडायचं आखाड्यात. हितं निस्तं विचारायचं."

मी दात खात हमालांना वायर सोडायला सांगितलं. सभा झाली. बसवराज म्हणाला, "कन्नड साहेब लोक तुम्हाला छळायलेत! गंजातला आडत्या हाच मराठी माणसाचा आधार!" माझ्याच हमालांनी टाळ्या वाजवल्या, गाढव लेकाचे.

अप्पा उठले. "बाळ, परवा कमठाण्यात ह्याच आडत्याला तू लुटारू म्हणलास. हात असा केलतास." हात हुबेहूब बसवराजसारखा वर गेला. "तिथं लुटारू, हितं आधार. मधल्या वाटंत ह्या आडत्याचं काय झालं?"

मैदान खदखदून हसलं. बसवराज माईक सोडून खाली उतरला. लोक हसत हसतच घरी निघाले. वायर शाबूत होती.

मी खुशीत अप्पांना शोधायला गेलो. ते बसवराजच्या गाडीपाशी उभे होते, हातात थर्मास.

"गरम पाणी हाय. घसा बसलाय तुझा."

बसवराजनं काच वर केली. गाडी गेली.

"चला अप्पा, च्या घेऊ."

"त्याची पुढची, औरादची सभा कवा हाय रे?"

"आता कशाला? तोंड बघायला तयार न्हाई तो तुमचं."

अप्पांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. "घरला येईना झालाय," ते म्हणाले. "सभंत तरी दिसतो."