उगवतीचं मीटर

लाइटचं बिल निम्म्यावर आलं की कूलर घेऊ, असा शब्द सटवाजीनं पाडव्याच्या दिवशी बायकोला दिला. अनुसयाबाईनं उठून आधी डोक्यावरचा पंखा बंद केला. "आजपासूनच धरा मग," ती म्हणाली. नवऱ्याचा शब्द किती दिवस टिकतो हे तिला वीस वर्षांत पुरतं कळलं होतं. पण हिंगोलीकडल्या गोरेगावचा उन्हाळा त्याहून जास्त कळला होता, म्हणून तिनं भरवसा ठेवला.

सटवाजीनं मोबाइलवर वीज वाचवायचे होते नव्हते तेवढे व्हिडिओ पाहिले आणि मग मोबाइलच घरी चार्ज करायचा बंद केला. त्यासाठी तो ग्रामपंचायतीत जायचा. पत्र्यावर चुना मारला, वर भिजलेली पोती अंथरली. घरातल्या दोन खोल्यांमधल्या भिंतीतली वीट काढून त्या भोकात एकच एलईडी बसवला, त्यामुळं दोन्हीकडं सारखाच अंधार पडू लागला. मिक्सर माळ्यावर गेला, पाटा-वरवंटा खाली आला. पंखा फक्त पाव्हणं आलं तर, असा नियम झाला. त्यावर अनुसयाबाई रोज दुपारी गल्लीतल्या बायांना बोलावणं धाडू लागली, तेव्हा चहा-साखरेचा फडशा पाहून सटवाजीनं तो नियम गुपचूप मागं घेतला.

महिन्यानं बिल आलं. दोनशेनं वाढून.

"कुठंतरी दिवा जळून राहिला आपला," सटवाजी म्हणाला.

"कुठं जळून राहिला? मी चाचपडत भाकरी थापते. काल तुमच्या ताटात दोनदा मीठ वाढलं."

"तरी म्हणलं, काल भाजी काहून बरी लागून राहिली होती."

भिंतीपलीकडं धाकटा भाऊ किशनराव राहायचा. दिवाळीत वाटणी झाली तेव्हा चालीप्रमाणं थोरल्यानं वाटे पाडले आणि धाकट्यानं आधी उचलला. उगवतीच्या घरापुढं लिंबाची सावली होती. धाकट्याला मावळतीकडच्या नव्या सिमेंटच्या दोन खोल्याच आवडणार, असं सटवाजी धरून चालला होता. किशनरावानं नेमकं लिंबाचं घर उचललं. तेव्हापासून दोघं कामापुरतं बोलायचे.

या किशनरावाचं बिल मात्र निम्म्याहून खाली उतरलं. त्याची बायको गोजरबाई ते सांगायला मुद्दाम आली. "आक्का, उगवतीचं घर लाभलं बघा आमाला. काही न करता बिल कमी येऊन राहिलं." आणि बिल कमीच येतंय तर, म्हणून त्यांनी हिंगोलीहून एक दांडगा कूलर आणला.

आता पलीकडं दिवसभर गार वारं आणि अलीकडं सटवाजी पोती भिजवतोय. कूलर घरघरला की अनुसयाबाई नुसती भिंतीकडं बघायची. ते बघणं सटवाजीला उन्हापेक्षा लागायचं. शब्द त्याला खरंच पाळायचा होता. बाईनं उन्हाळा उकाड्यात काढला होता आणि तिच्यापुढं ठेवायला याच्याजवळ काय, तर वाढलेलं बिल. त्यानं पंखाच खाली उतरवून ठेवला. पुढचं बिल दुप्पट आलं.

त्या दिवशी भर दुपारी त्यानं घरातली सगळी बटणं बंद केली आणि बाहेर येऊन दोन्ही मीटरं पाहिली. त्याच्या मीटरचा लाल दिवा लुकलुक करत होता. किशनरावाचं मीटर गपगार.

"आपली लाइट चोरून राहिला तो," सटवाजी म्हणाला.

"सख्खा भाऊ हाय तुमचा."

"म्हणून तर जास्ती तकलीफ होऊन राहिली."

साक्षीला हवा म्हणून त्यानं गावातला वायरमन धनसिंग बोलावला. वाटणीच्या वेळी घरांची जोडणी त्यानंच केली होती. धनसिंगनं भिंतीतला दिवा लावायला सांगितला आणि सटवाजीच्या मीटरखालचा मेन स्विच पाडला. दिवा जळतच राहिला. पलीकडचा कूलर मात्र घरघरत थांबला आणि गोजरबाईचा आवाज आला, "लाइट गेली वाटतं."

धनसिंगनं डोकं खाजवलं. "वाटणीच्या आदल्या दिवशी तुमीच बोलले, उगवतीचं घर माझं, माझं मीटर तिकडं जोड. मी बराबर जोडलं. नंतर घर बदललं ते मला काहून न्हाई सांगितलं?"

सटवाजी ओट्यावरच बसला. त्यानं जीव तोडून वाचवलेली वीज किशनरावाच्या बिलातून कमी होत होती, त्या खुशीत किशनरावानं कूलर घेतला होता, आणि तो कूलर सटवाजीच्या मीटरवर फिरत होता.

किशनराव बाहेर येऊन सगळं ऐकत होता. "दादा, आईची आण, मला ठाऊक न्हवतं."

"तुला कसं ठाऊक असंल. शहाणा तर मी हाय," सटवाजी म्हणाला. भावाला चोर म्हटल्याची त्याला मनापासून लाज वाटली.

सेनगावहून वायर आणून उद्या बदलतो, असं सांगून धनसिंगनं स्विच वर केला आणि तो निघून गेला.

"आवो," अनुसयाबाई म्हणाली, "आपण वाचवलं तर बिल निम्म्यावर आलं का न्हाई?"

"आलं. पण ते..."

"मग कूलर बी आला." तिनं चटई काखेत मारली, निवडायची डाळ सुपात घेतली आणि पलीकडं जाऊन थेट कूलरपुढं बसली. गोजरबाईनं निमूट सरकून जागा दिली.

सटवाजी आपल्या खोलीत थोडा वेळ घाम पुसत बसला. दोघी जावा हसल्याचं ऐकू आलं, तेव्हा त्याला राहवेना. तोही गेला. संकोचानं किशनरावानं कूलर अगदी बारीक करून ठेवला होता.

"फुल्ल कर त्याला," सटवाजी बायकोशेजारी मांडी घालत म्हणाला. "उद्यापासून तो तुझ्या मीटरवर फिरंल. आज माझा हाय."