मालूआत्याची सापसुरळी

मालूआत्या कुणाच्याही घरी गेली की आधी ट्यूबलाइटकडे बघायची. यजमान 'या, बसा' म्हणत असायचे आणि ही मान वर करून पट्टीमागची पाल शोधत असायची. दिसली की चेहरा खुलायचा. "छान आहे हो तुमची," म्हणायची आणि मगच बसायची. घरातल्या बाईला वाटायचं, नव्या ट्यूबचं कौतुक चाललंय.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला आत्याची फार लाज वाटायची. नव्वदच्या दशकात आम्ही परळहून उमेळ्याला राहायला आलो. वडील फ्लॅट मोठा म्हणून खूश, आई नळाला पाणी नाही म्हणून वैतागलेली. वडिलांची ही बिनलग्नाची थोरली बहीण मात्र हरखलीच. भिंतीवर पाल, कुंपणावर सरडा, पाचोळ्यात सापसुरळी आणि मागच्या वाडीतल्या विहिरीपाशी घोरपड, सगळी मंडळी एकाच पत्त्यावर! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिनं आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली होती. निवृत्त झाल्यावर ती स्वतः बोलायला लागली, ते फक्त यांच्याबद्दल.

माझी मैत्रीण पाल बघून ओरडली, तर आत्या म्हणाली, "आधी ओळख, मग किंचाळ." मग पालीच्या बोटांखाली किती बारीक केस असतात आणि त्यांच्या जोरावर ती काचेवरसुद्धा कशी चालते, हे तिनं चहा गार होईपर्यंत सांगितलं. मैत्रीण पुन्हा आली नाही. एकदा बसस्टॉपवर कुंपणावरच्या सरड्याकडे बघत आत्या मोठ्यानं म्हणाली, "गळा बघ कसा लाल झालाय. लग्नाचा झालाय हो!" समोर उभ्या असलेल्या तरुणानं घाईघाईनं कॉलर वर केली.

एका रविवारी सकाळी तळमजल्यावरच्या राऊतकाकू ओरडल्या. त्यांच्या कुंड्यांमध्ये सापसुरळी निघाली होती. अर्धी बिल्डिंग जमली, कुणीतरी बांबू आणला. आत्या खाली आली आणि हा साप नाही, विषारी तर मुळीच नाही, असं सांगू लागली. राऊतकाकू म्हणाल्या, ही चावली तर माणूस पाणी मागत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

आत्यानं अलगद सापसुरळी उचलली. एरवी तिनं ती भिंतीपलीकडे सोडून दिली असती. त्या दिवशी ती हात उंच धरून पाय दाखवू लागली, अंगाची चकाकी दाखवू लागली. लोक गप्प होऊन बघत होते. मी तिचा पदर ओढत होते. तेवढ्यात सापसुरळीनं झटका दिला, खाली पडली आणि भिंतीखालच्या फटीत नाहीशी झाली. आत्याच्या हातात शेपूट तेवढं वळवळत राहिलं.

सगळे हसले. "शेपूट फ्रेम करून लावा आता," कुणीतरी म्हणालं. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

आत्या वर गेली, जेवली नाही. लोकांचं हसणं लागलं असेल, असं समजून मी तिला म्हटलं, लोक विसरतील आणि शेपूटही परत येतं, तूच सांगतेस ना?

"येतं," ती म्हणाली. "पण त्यात तिची शिदोरी असते. उपासमारीच्या दिवसांसाठी साठवलेली चरबी. ती गेली."

"तू मुद्दाम थोडंच केलंस?"

"लगेच सोडायला हवी होती गं. चार माणसं पहिल्यांदाच माझं ऐकत होती. म्हणून धरून ठेवली मी तिला."

हे ती स्वतःच्या तळहाताकडे बघत बोलली. मी लोकांपुढे लाजत आले होते. ही एकटीच, बंद खोलीत, एका सापसुरळीपुढे मान खाली घालून बसली होती.

त्यानंतर आत्या पालींबद्दल कुणाशी बोलली नाही. पण रोज ऊन आलं की मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहायची. म्हातारी शेकत बसते, असं लोकांना वाटायचं.

थंडीच्या सुरुवातीला एकदा तिनं मला खुणेनं खाली बोलावलं. दगडावर सापसुरळी पहुडली होती. अंग तांब्यासारखं चकाकत होतं आणि मागे आखूड, मळकट रंगाचं नवं शेपूट. राऊतकाकूंना बोलावते, असं म्हणत मी वळले, तर आत्यानं माझा हात धरला.

"नको. कुणाला दाखवायची नाही."

मग तिच्या लक्षात आलं, आपली सावली सापसुरळीवर पडतेय. ती हळूच बाजूच्या चिखलात उतरली, चपलेसकट. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. दगडावर पुन्हा ऊन आलं.