भामाबाईंची कोवळी पापलेटं

दोन हजार चोवीस साल. डिसेंबरातला शनिवार, म्हणजे आटपाडीचा बाजार. दिवस पक्का ध्यानात आहे, कारण त्या सकाळी भामाबाईंनी कमरेला पदर खोचून अख्ख्या घराला ऐकवलं होतं, "आज असं मासं खाऊ घालते, की ती रत्नांग्रीची मानसं समिंदर इसरतील!"

"आगं आई, ती जल्मापास्नं मासंच खात्यात," बिरदेव कळवळून म्हणाला. "तू आपलं मटन कर की!"

"मटन काय, कुनीबी करतंय!"

बिरदेव त्यांचा एकुलता एक. रत्नागिरीकडच्या एका शाळेत मास्तर, वय तेहतीस. इकडच्या अकरा मुलींनी त्याला नकार दिला होता. बारावी, तिकडचीच सोनिया, आपण होऊन हो म्हणाली. तिचे वडील काशिनाथ डोर्लेकर मात्र अजून काहीच म्हणाले नव्हते. "घर बघतो, माणसं बघतो, मग बोलतो," एवढाच निरोप होता, आणि ते आज दुपारी लेकीला घेऊन येणार होते. बारावी हातची गेली तर तेरावी कुठून आणायची, या काळजीनं भामाबाईंचे गुडघे आठवडाभर ठणकत होते. पासष्टी उलटल्यावर पाहुण्यांचं करायचं म्हणजे अंग नुसतं आंबून जातं. पण सांगायचं कुणाला? नवरा अर्जुना. त्याला मेंढरांचं दुखणं चटकन कळे, बायकोचं चाळीस वर्षांत कळलं नव्हतं.

बिरदेव पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेला आणि भामाबाई पिशवी घेऊन बाजारात. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा आटपाडीत मासा म्हणजे सुकट, नाहीतर वाळका बोंबील. वास घरभर आणि तुकडा ताटात बोटभर! आता साळूबाई थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून चक्क पापलेटं विकायला बसते.

भामाबाईंना माशातलं काही कळत नव्हतं. पण कळत नाही असं त्यांना वाटतही नव्हतं. जन्म शेरडं-मेंढरं निवडण्यात गेलेला. जनावर कोवळं, तर मटण लोण्यासारखं! मासा तरी काय, पाण्यातलं जनावरच की! त्यांनी बर्फात हात घातला, मोठ्या पापलेटाची पाठ बोकडासारखी दाबून बघितली आणि नाक मुरडलं.

"ही धोंडं नगंत. कवळी काढ, कवळी! तळहाताच्या आतली!"

"मामी, पाव्हण्यास्नी एवढी बारकी?"

"पाव्हण्यांचं दात काय तुला पाडायचं हायती?"

तीस पापलेटं आली. दुपारी काशिनाथरावांच्या ताटात एका वेळी सहा पडली, खरपूस, ओळीनं मांडलेली, जणू बालवाडीची पोरं प्रार्थनेला उभी!

काशिनाथरावांनी ताटाकडे बघितलं आणि हात मागे घेतला. सोनियानं बिरदेवकडे डोळे वटारले. बिरदेवनं ताटात बघितलं आणि कपाळावर हात मारला. कारण काशिनाथराव गावच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. बारकी मासळी धरायची नाही, विकायची नाही, खायचीही नाही, हा ठराव त्यांनीच भांडून करून घेतलेला. गेल्याच महिन्यात सख्ख्या भावाला त्यांनी त्यापायी दंड केला होता आणि भाऊ अजून बोलत नव्हता!

भामाबाईंना यातलं काय ठाऊक? पाहुणा गप्प बसला, म्हणजे वाढलेलं कमी पडलं. त्यांनी आणखी दोन टाकली.

"नको, वहिनी."

"आसं कसं? घ्या!" आणखी दोन.

"खरंच नको!" काशिनाथरावांनी ताटावर आडवा हात धरला.

आमच्याकडे आडवा हात म्हणजे पाहुणा लाजतोय. भामाबाईंनी तो हात हळूच बाजूला सारला आणि आणखी तीन सोडली! ताटात आता भाकरी दिसेना.

"आई, बास!" बिरदेव किंचाळला.

"तू गप. मानूस लाजतंय."

तेव्हा काशिनाथरावांनी सदऱ्याच्या खिशातून प्लॅस्टिकची पट्टी काढली. सोसायटीची, लाल खूण केलेली. एक पापलेट उचललं, पट्टीवर ठेवलं. खुणेपर्यंत पोचलं नाही. दुसरं ठेवलं. तेही नाही.

भामाबाई मटकन खाली बसल्या. साठ-सत्तर माणसांच्या पंगती वाढल्या, पण ताटातल्या घासाचं माप काढणारा पाहुणा बघितला नव्हता.

"बारकी दिली म्हून माप काढता व्हय? आमी काय कंजूस हाय?"

"वहिनी, राग मानू नका. ही एकदाही अंडी न घातलेली पोरं आहेत. एवढ्यात खाल्ली तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय येईल?"

"म्हंजी? एकडाव बी व्यालेली न्हाईत?"

"नाहीत."

पाठ, म्हणजे न व्यालेली शेळी, भामाबाईंच्या दारातून खाटकाकडे कधी गेली नव्हती. कापायचा तो बोकड. पाठ गेली की कळप गेला.

"मग ह्यात पाठ कुठली आन् बोकड कुठला?"

"ते मलाही वरून ओळखू येत नाही."

"वळखू येत न्हाई आन् कापता?"

"म्हणून तर आधी वाढू द्यायचं, वहिनी!"

भामाबाई उठल्या. गुडघे कुरकुरले, पण उठल्या. पाहुण्याचं ताट पदराखाली घेतलं, पट्टी हिसकावली आणि तरातरा बाजाराकडे निघाल्या. मागं बिरदेव, त्याच्या मागं सोनिया, सगळ्यांत मागं उष्ट्या हातानं काशिनाथराव. मेंढरांचे व्यापारी सौदे सोडून बघायला लागले.

"साळे! पाठी इकतीस व्हय गं मला? लाज न्हाई वाटत?"

साळूबाईनं ताटाकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं, आणि तिचा आवाज भामाबाईंच्या वर गेला. "म्या काय समिंदरात जाते व्हय, मामी? म्या मोठीच दावली हुती! 'धोंडं नगंत' कोन म्हनलं? आख्खी आटपाडी कवळंच मागती, मग मी तरी काय आनू?"

भामाबाईंना एकदम फार थकल्यासारखं वाटलं. एवढ्या लोकांपुढं खोटं बोलायलासुद्धा जोर लागतो, आणि तो आता त्यांच्यात उरला नव्हता.

"व्हय," त्या म्हणाल्या. "म्याच मागितली. माजंच चुकलं."

काशिनाथराव पुढे आले. "वहिनी, माझ्या भावानं एवढं एक वाक्य महिनाभरात म्हटलं नाही. घर बघितलं, माणसंही बघितली. पोरगी दिली! आता मात्र काहीतरी खायला घाला. मला साखरेचा त्रास आहे, चक्कर येतेय!"

सगळे घरी परतले, तर अर्जुना ढेकर देत बसला होता. उरलेली पापलेटं एकट्यानं संपवून तो म्हणाला, "लय कवळी हुती गं!"

पुढं लग्न झालं. काशिनाथरावांनी हौसेनं आटपाडीच्या बाजारातून स्वतः बोकड निवडला, पट्टीनं मोजावा तसा, सगळ्यांत मोठा, सगळ्यांत म्हातारा. व्याह्याला कसं बोलायचं म्हणून अर्जुना गप्प राहिला. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून दिल्या, तरी ते मटण शिजलं नाही. चेअरमनांची कवळी तुटली आणि रुसलेला भाऊ इतका हसला, की आपसूक बोलायला लागला. बिरदेव-सोनिया रत्नागिरीतच असतात. साळूबाईच्या खोक्याला आता तसलीच पट्टी टांगलेली असते. बारकी मासळी ती आणत नाही, पण गिऱ्हाइकं बोटाबोटावर घासाघीस करतात म्हणून भामाबाईंना रोज शिव्या देते.

आणि भामाबाई? पाहुणा कुठलाही येवो, त्या पिठलं करतात. कुणी कुरकुरलं, तर ताट पुढं सारून म्हणतात, "गुमान जेवा. ह्याला वय नसतंया."