लिंबाखालची जागा

"गाड्यांना सावली अन् पोरींना ऊन? हा कुठला न्याय?" मेघा अंगणात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

आखाजी, म्हणजे माहेरवाशिणींची अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर आली होती. धुळ्याच्या त्या घरी अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधायचा, तर खाली दोन गाड्या ठाण मांडून बसलेल्या. एक तिच्या आजोबांची, मोतीलाल आबांची अँबेसेडर, मेघाच्या बापाच्याही जन्माआधीची. दुसरी त्यांचे धाकटे भाऊ योगेंद्र नाना यांची, सत्त्याऐंशी सालची मारुती.

"मन्ही गाडीत आठ माणसं बसतस," आबा म्हणाले.

"अन् चार जण उतरीसन ढकलतस!" नानांनी टोला हाणला.

"तुन्ही काय गाडी शे? साबणाची डबी शे ती!"

शाळेत वक्तृत्वाची ढाल मिळाल्यापासून मेघाने गप्प बसणे सोडले होते. "कामिनी आत्याला आणायला सोनगीरला जायचंच आहे ना? दोघं निघा. आधी पोचेल त्याची गाडी सावलीत, हरेल ती उन्हात. उरलेली सावली आमची!"

"पोरीसनी मधमा बोलानं नही," आबा गुरगुरले.

"मग दोघं घाबरले म्हणून सांगू गल्लीत?"

दोन्ही खिशांतून किल्ल्या एकदमच निघाल्या.

न्याय करायला मेघा आबांच्या शेजारी बसली. आबांनी सकाळभर गाडीचे नाक पुसले होते, पाणी तेवढे भरायचे विसरले होते. सोनगीरचा किल्ला दिसू लागला आणि त्या नाकातून वाफ सुटली. नाना भुर्रकन पुढे गेले. जिंकलेच होते. पण भावाला चिडवल्याशिवाय जिंकण्यात काय मजा? ते बाजूला थांबले, पेट्रोल वाचावे म्हणून इंजिन बंद केले आणि मनसोक्त हॉर्न वाजवत बसले. म्हाताऱ्या बॅटरीचा तो हॉर्न आधी किरटा झाला, मग मुका. किल्ली फिरवली. टक्. बस, एवढेच.

"वाजव ना आता," आबा गोड आवाजात म्हणाले.

"तुम्ही आधी वाफ आवरा!"

मेघाने आत्याला फोन लावला.

"माहेरचं माणूस दारात आल्याशिवाय मी निघणार नाही बरं का!" आत्या ठसक्यात म्हणाली.

"आत्या, माहेरची दोन माणसं रस्त्यात अडकलीत. तूच येऊन घेऊन जा."

आत्या आली ती स्वतः ट्रॅक्टर चालवत, शेजारी पिशवी आणि जाड दोर घेऊन. तेव्हा नवाच तंटा उभा राहिला: ट्रॅक्टरमागे आधी कोणाची गाडी बांधायची?

"ज्याला पुढे राहायचंय त्यानं पुढे चालत जावं," मेघा म्हणाली. दोघे आपापल्या गाडीत जाऊन बसले.

घराशी आल्यावर दोन गाड्यांची ती वरात फाटकातून आत वळेना. रस्त्यावरच, रणरणत्या उन्हात, दोन्ही सोडाव्या लागल्या.

"पयले मन्हीच गाडी उनी!"

"मन्ही गाडी उनी पयले!"

आधी कोणाची गाडी आली, या न्यायासाठी दोघांनी मेघाला हाक मारली. ती लिंबाच्या फांदीवर होती. ट्रॅक्टरचा दोर तिने तिथे करकचून बांधला होता आणि खाली झोक्यावर कामिनी आत्या पाय हलवत बसली होती.

"आबा, नाना," मेघा वरून ओरडली, "आत्याला पहिला झोका कोण देतंय? लावा शर्यत!"