गाडी तासगावातच आहे

गाडी कुठे आहे हे गाडीतल्या एका यंत्राला ठाऊक होते आणि दुसऱ्याला नव्हते, एवढीच मूळ बाब होती.

गाडी म्हणजे घाटाच्या पायथ्याच्या एका तालुक्याची आपत्ती निवारणाची जीप. (तालुक्याचे नाव छापण्याची परवानगी मागितली आहे, अर्ज पुढच्या टेबलावर आहे.) जीपमध्ये डॅशबोर्डखाली दोन पेट्या होत्या. पहिली हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारीची. ती बोलायची, ऐकायची, आणि उपग्रहांना विचारून आपण नेमके कुठे आहोत ते दर मिनिटाला जगाला सांगायची. ज्याला हवे त्याने मोबाइलच्या नकाशावर तिचा ठिपका बघावा. दुसरी स्कॅनरची. ती बोलत नसे, नुसती ऐकायची. वनखाते, पोलीस, ॲम्ब्युलन्स, ज्या भागात असेल तिथले सगळे बिनतारी बोलणे. मात्र आपण कोणत्या भागात आहोत हे तिला कुणीतरी सांगावे लागे. ही पेटी आधी तासगावला होती. तिची इकडे बदली झाली, पण बदलीची प्रत तिला कुणी दिली नाही. त्यामुळे घाटाच्या तोंडाशी उभी राहून ती इमानेइतबारे तासगावचे आवाज शोधायची, आणि ते ऐकू येत नसल्याने गप्प असायची.

सुभेदार हंबीरराव यांच्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आले. अठ्ठावीस वर्षे लष्कराच्या सिग्नल विभागात काढलेला माणूस. निवृत्तीनंतर हॅम रेडिओचा परवाना काढला, म्हणून कचेरीने त्यांना मानद बिनतारी सल्लागार नेमले होते. म्हणजे त्यांनी सल्ला द्यायचा आणि बाकीच्यांनी मान द्यायचा.

"सायेब, लय सोपं हाय," ते म्हणाले. "आपुन कुठं हाय ते रेडिओला ठावं हाय. तिथनं एक वायर काढायची आन् स्कॅनरला जोडायची. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. वीतभर वायरचं काम."

कचेरीचे प्रमुख वीरधवल साहेब यांनी पेन खाली ठेवले. "जोडल्यावर काय होईल?"

"खोऱ्यात कोण मदत मागतंय ते ऐकू यील."

साहेब गंभीर झाले. गेले चौदा महिने कचेरीचा रोजचा अहवाल 'निरंक' जात होता. स्कॅनरवर आवाज नाही म्हणजे हाक नाही, हाक नाही म्हणजे आपत्ती नाही. 'आपत्तीमुक्त तालुका' पुरस्काराच्या शेवटच्या यादीत त्यांचे नाव लागले होते. आणि हा म्हातारा वीतभर वायर घेऊन आला होता.

"लेखी द्या," साहेब म्हणाले.

हंबीररावांनी लेखी दिले. त्यांची घाई वेगळी होती. सून शिवांजली पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, कोयनानगरच्या पलीकडच्या एका वाडीत. मुलगा फौजेत, पठाणकोटला. निघताना पिशवीत बाळाची दुपटी भरता भरता तिने विचारले होते, "आबा, वेळ आली तर गाडी यील न्हवं?"

"मी हाय की गाडीत," ते म्हणाले होते.

अर्ज कारकून मदन यांच्या टेबलावर आला. मदन मूळचे सांगलीकडचे, चातुर्मासात कांदा आणि बारा महिने निर्णय वर्ज्य असलेले.

"सुभेदार, रेडिओ आमच्या टेबलाचा, स्कॅनर शेजारच्या टेबलाचा," ते समजुतीने म्हणाले. "एका टेबलाची माहिती दुसऱ्या टेबलाला जायची म्हणजे समिती पाहिजे."

समिती बसली. सदस्यांनी तासगावहून नमुना म्हणून आणलेला बेदाणा खाल्ला आणि मूलभूत प्रश्न विचारला: गाडीचे स्थान दोघांत वाटले तर रेडिओकडे किती शिल्लक राहील?

"आख्खं ऱ्हाईल," हंबीरराव म्हणाले.

"आणि स्कॅनरला?"

"त्याला बी आख्खं."

"मग हे वाटप नियमात बसत नाही," अध्यक्ष म्हणाले, आणि सर्वांना ते पटले.

मधला मार्ग निघाला. वायरऐवजी 'स्थाननोंद वही' सुरू झाली. हंबीररावांनी रेडिओवरचे अक्षांश-रेखांश मोठ्याने वाचायचे, मदननी ते वहीत उतरवायचे, साहेबांनी सही करायची, आणि मग शेजारच्या टेबलाने ते स्कॅनरमध्ये भरायचे. पहिल्याच दिवशी अडचण आली. सही होईपर्यंत गाडी पुढे गेलेली असायची. नोंद एका जागेची आणि गाडी दुसऱ्या जागी, हा सरळ सरळ खोटेपणा झाला. साहेबांना खोटेपणाची चीड होती. त्यांनी आदेश काढला: नोंद प्रमाणित होईपर्यंत गाडी हलवू नये.

गाडी कचेरीच्या आवारात चिंचेखाली उभी राहिली. चुकून हलू नये म्हणून चाकांना विटा लावल्या. महिन्याभराने हंबीररावांच्या अर्जाला उत्तर आले: 'सदर गाडी चिंचेखाली असल्याचे आता सर्वांस ज्ञात असल्याने यंत्रास स्वतंत्रपणे कळविण्याची आवश्यकता उरत नाही. प्रकरण निकाली.'

"आन् हलवायची झाली तर?"

"स्थानबदल प्रस्ताव," मदन म्हणाले. "तीन सह्या."

पुढच्या सोमवारी सकाळी हंबीररावांनी घरी कथलाचा डाग देऊन आणलेली वायर खिशातून काढली आणि दोन्ही पेट्यांना जोडून टाकली. स्कॅनरने क्षणभर डोळे मिचकावले. पडद्यावरचे तासगाव गेले. आणि पंधरा महिने तोंड न उघडलेली ती पेटी एकदम ओरडू लागली.

"...दरड आलीया, दरड! ॲम्ब्युलन्स खालीच अडकलीया. वाडीत बाई हाय, दिवस भरल्याली. जीप हाय का कुणाची? जंगलातल्या वाटंनं जीप यील. कोण ऐकतंय का?"

मदन धावत आले. "बंद करा ते! अकराचा निरंक गेलाय!"

"आवं, माणसं मदत मागाय लागल्यात!"

"अकराला निरंक आणि साडेअकराला आपत्ती? अहवाल खोटा पडेल की. उद्याच्या तारखेत घेऊ."

हंबीररावांनी स्वतःच प्रस्ताव लिहिला. साहेबांनी दोनदा वाचून सही केली, मदननी शिक्का शोधून केली. तिसरी सही समितीच्या अध्यक्षांची. ते कवठे महांकाळला साखरपुड्याला गेले होते. त्यांना फोन लावला.

"हा काय, पोचलोच. नाक्यावर आहे," अध्यक्ष म्हणाले. मागे सनई वाजत होती.

तेवढ्यात हंबीररावांचा फोन वाजला. वाडीत फक्त शाळेच्या व्हरांड्यात रेंज येते. शिवांजली तिथूनच बोलत होती.

"आबा, कळा सुरू झाल्यात. राहीबाई हायत संगं. गाडी कुठवर आलीया?"

हंबीररावांनी रेडिओच्या पडद्याकडे बघितले. अक्षांश-रेखांश बिनचूक होते. चिंच, वीट, सगळे त्यात आले होते.

"आलोच, पोरी," ते म्हणाले. "घाट चढतोय."

अठ्ठावीस वर्षांत हुकमाशिवाय त्यांनी गाडीचे चाक फिरवले नव्हते. ते गाडीत बसून राहिले. बारा वाजले, एक वाजला. अध्यक्ष अजून नाक्यावर होते. दीड वाजता हंबीरराव खाली उतरले, विटा लाथेने उडवल्या आणि दोन सह्यांवर निघाले.

जंगलातल्या वाटेने वाडीत पोचले तेव्हा साडेतीन झाले होते. सुईणपण करून हात पिकलेली राहीबाई शाळेच्या व्हरांड्याच्या पायरीवर पान लावत बसली होती.

"या, या सुबेदार! नात झाली, न्हाऊन झाली, झोपून बी झाली. बारसं तेवढं तुमच्यासाठी ठिवलंय."

आत शिवांजलीच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेले एवढेसे तोंड होते. हंबीररावांनी एक बोट पुढे केले. ते बोट कुणीतरी झोपेतच घट्ट धरले.

"आबा," शिवांजली हळूच म्हणाली, "ह्यांचा फोन आलता पठाणकोटवरनं. तुमच्या रेडिओचा ठिपका मोबाइलवर दिसतोय म्हणं. दीड वाजस्तवर कचेरीतच हुता."

हंबीररावांनी मोकळ्या हाताने दुपटे सारखे केले.

"तुमी घाट चढतोय म्हणालासा. म्हणून मी दम धरला. आता यील, आता यील."

बोट अजून धरलेलेच होते. ते त्यांना सोडवून घेता आले नाही.

चौकशी रीतसर झाली. वायर जप्त होऊन लाखेच्या मोहोरेखाली गेली, स्कॅनर पुन्हा तासगावी रुजू झाला. दरड शेजारच्या हद्दीत मोजली गेली आणि जन्म ही आपत्ती नसल्याने त्या दिवसाचा अहवाल निरंकच राहिला, आणि पुरस्कार मिळाला. फक्त एक रकाना सर्वांना भरावा लागला: 'घटनेच्या वेळी आपण कुठे होता?' अध्यक्षांनी लिहिले, मार्गस्थ. साहेबांनी लिहिले, मार्गस्थ. मदननी दोघांचे बघून लिहिले. हंबीररावांनी पेन बराच वेळ हातात धरले. मग त्यांनीही तेच लिहिले.

तुम्ही हसलात, ते बरे झाले. पण सकाळी तुम्हाला कुणीतरी फोन करून "कुठवर आलात" विचारले होते ना? "निघालोय" म्हणालात तेव्हा पायात चप्पल तरी होती का?