केरवेला बाईंच्या खिडकीतला समुद्र

घर विकत घेताना चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. क्लेरमाँमध्ये एकतीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त केली. गिऱ्हाइकाचा जीव कशात अडकलाय ते मला त्याच्या डोळ्यांवरूनच कळतं. म्हणून ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचं ते घर बघायला निघालो तेव्हा गाडीतच बायकोला बजावलं, "ओदील, काहीही आवडलं तरी छान म्हणायचं नाही. नाक मुरडायचं."

"आणि समुद्र दिसला तर?"

"तर खोकायचं."

ओदील हसली नाही. समुद्राच्या बाबतीत ती हसत नाही. आठ वर्षांची असताना एक उन्हाळा ती मावशीकडे किनाऱ्यावर राहिली होती, तेवढंच काय ते. पण समुद्रापासून दिवसभराच्या अंतरावर असलेल्या आमच्या स्वयंपाकघरात दरवर्षी भरती-ओहोटीचं नवं वेळापत्रक लागतं. सकाळी कॉफी ओतता ओतता ती म्हणते, "आत्ता पाणी चढत असेल." मी खिडकीबाहेर बघतो. समोर दातांच्या डॉक्टरची पाटी असते.

गावात शिरलो आणि एजंट बाईंचा फोन आला. "गाडी बंद पडलीये, मला उशीर होईल. तुम्ही आत जाऊन बसा. चर्चच्या पुढे, निळ्या खिडक्यांचं घर. किल्ली कुंडीखाली आहे."

चर्चच्या पुढे निळ्या खिडक्यांचं घर होतं. कुंडी होती. कुंडीखाली किल्लीही होती. त्या गावात प्रत्येक घराच्या खिडक्या निळ्या आहेत आणि प्रत्येक कुंडीखाली किल्ली आहे, हे मला मागाहून कळलं.

आत शिरल्याबरोबर मी कामाला लागलो. नळ सोडून पाहिले, भिंती ठोकल्या, कपाटात डोकं घातलं. शेगडीवर सूप गरम होतं. "बघितलंस? गिऱ्हाईक पटवायला हल्ली सूपसुद्धा ठेवतात," मी म्हणालो आणि डावभर चाखलं. मीठ कमी होतं. भाव पाडायला तेही उपयोगी पडलं असतं. मग बूट काढून पलंगावर आडवा झालो. सकाळी ऊन कुठून येतं ते नको बघायला?

ओदील मात्र पुढच्या खोलीत खिडकीपाशी उभी होती. खाली खडक होते आणि त्यांच्यापलीकडे सगळा समुद्रच होता. ती खोकली नाही. तिनं नाकही मुरडलं नाही. नुसती काचेला हात लावून उभी होती आणि तिचे गाल ओले झाले होते.

तेवढ्यात दार उघडलं. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेल्या एक म्हाताऱ्या बाई बादलीभर शिंपले घेऊन आत आल्या. त्यांनी पलंगावर मला पाहिलं.

"झालं का घर मोजून?" त्यांनी विचारलं.

या शेजारीण असणार, साफसफाईला येत असणार, असं मी धरून चाललो. "झालंच," मी उठत म्हणालो. "छप्पर भिकार आहे, भिंतींना ओल आहे. पण घेऊ आम्ही. ताबा कधी मिळेल?"

बाईंनी बादली खाली ठेवली आणि त्या खुर्चीत बसल्या.

"म्हणजे माझ्या यानने मला विचारलंसुद्धा नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पोटचा पोरगा. वृद्धाश्रमाचं बोलला होता, पण मला वाटलं, निदान विचारेल तरी."

माझ्या एका पायात बूट होता. दुसरा हातात. ओदील धावत येऊन त्यांच्यापाशी गुडघ्यांवर बसली. "मादाम, आम्ही तुमच्या यानना ओळखतही नाही हो."

माझा फोन वाजला. एजंट बाई विचारत होत्या, "मस्यू बर्ट्रां, मी घरी दहा मिनिटं थांबलेय. तुम्ही कुठे आहात?"

मी कुठे होतो ते सांगायला मला बराच वेळ लागला.

तोवर त्या बाईंनी, म्हणजे मादाम केरवेलांनी, रेन शहरात राहणाऱ्या मुलाला फोन लावून त्याची यथेच्छ खरडपट्टी काढली होती. त्या बिचाऱ्याला कशाचाच पत्ता नव्हता. घाबरून तो संध्याकाळी गाडी घेऊन हजर झाला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच आला होता म्हणे.

आम्हाला दाखवायचं घर बरोबर या घराच्या मागे होतं. खिडकी उघडली की समोर केरवेला बाईंची मागची भिंत. मी तोंड उघडायच्या आत ओदील म्हणाली, "छान आहे. घेऊ या."

"अगं, इथून समुद्र दिसत नाही."

"ऐकू येतो ना."

घेतलं. वसंतापासून आम्ही इथे येऊन राहतो. रोज चार वाजता मादाम केरवेला भिंतीवर काठी ठोकतात आणि ओदील पलीकडे जाते. दोघी खिडकीपाशी बसतात. फारसं बोलत नाहीत म्हणे. मी इकडे भिंतीसमोर बसून बटाटे सोलतो. जेवायच्या वेळी ती परत येते तेव्हा तिच्या केसांना खारट वास असतो.

"कसा होता आज?" मी विचारतो.

"आज करडा होता. कडेला जरा हिरवा."

काल न राहवून मी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाल्या का? मी यावं वगैरे?"

ओदीलनं बटाटा खाल्ला, मग ती पाणी प्यायली.

"अजून सुपाचंच बोलतात," ती म्हणाली.