आमच्या बेटावरचा एकुलता एक कुत्रा

सरकारी फॉर्म भरण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या लक्षद्वीपात नव्हता! हे मी सांगत नाही, माझी उम्मा, म्हणजे आई, चारचौघींत सांगायची. मी पूकोया, बेटावरच्या सरकारी कचेरीतला एकमेव कारकून. साहेब बहुतेक वेळ मुख्य भूमीवर रजेवर. त्यामुळे आमच्या बेटापुरतं भारत सरकार म्हणजे मी, एक टेबल आणि 'र' अडकणारा एक टाइपरायटर!

केंद्रशासित प्रदेशांचा कारभार पाहणारं खातं दिल्लीत. तिथल्या मंडळींनी समुद्र बहुधा कॅलेंडरावरच पाहिलेला. एकच फॉर्म ते चंडीगडपासून अंदमानपर्यंत सगळ्यांना धाडायचे. 'उंटगाड्यांची संख्या.' 'रेल्वे फाटकांची दुरुस्ती.' 'बर्फामुळे बंद पडलेले रस्ते.' मी आपला इमानेइतबारे लिहायचो, शून्य, शून्य, शून्य! तरी जहाजातून टपालाची थैली उतरली की जीव हरखून जायचा. एवढ्या लांबून कुणीतरी आपली चौकशी करतंय, असं वाटायचं. आता सगळं संगणकावर येतं, पण ती मजा नाही.

अठ्ठ्याहत्तर साली नवा फॉर्म आला. कुत्र्यांची गणना! आमच्या बेटावर कुत्रा नव्हता. कधीच नव्हता. मी स्वतः तोवर कुत्रा फक्त बिस्किटाच्या डब्यावर पाहिला होता. शून्य लिहून मोकळा झालो. फॉर्म परत आला. 'शून्य असल्यास पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला जोडावा.' आता पशुवैद्य बसतो दोन बेटं पलीकडे. नसलेला कुत्रा तपासायला तो कशाला येतोय? मी पुन्हा शून्य लिहिलं. पुन्हा परत! तिसऱ्यांदा लाल शाईत खुलासा मागवला, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी 'एक' लिहिलं.

"एकच का?" दवाखान्यातल्या मुत्तुकोया कंपाउंडरने विचारलं.

"दोन लिहिले तर उद्या पिल्लं होतील! दरवर्षी आकडा वाढवत कोण बसणार?"

आणि काय सांगू! चार महिन्यांत जहाजातून भलं मोठं खोकं उतरलं. आत रॉकेलवर चालणारा फ्रिज! सोबत लशीच्या सहा बाटल्या आणि पत्र, 'आपल्या बेटावरील कुत्र्यासाठी.' आमचा दवाखाना सहा वर्षं फ्रिज मागत होता. उत्तर ठरलेलं, लोकसंख्या नियमात बसत नाही. एकटा कुत्रा मात्र बरोब्बर नियमात बसला!

हसलो खरा, पण मी त्या फ्रिजला हात लावून कितीतरी वेळ उभा राहिलो. उम्माला साखरेचा आजार. रोज इन्शुलिनची सुई. पावसाळ्यात समुद्र खवळला की चार महिने जहाज बंद, म्हणून सगळी औषधं मेमध्येच भरून ठेवायची. आम्ही बाटल्या मडक्यात घालून विहिरीत सोडायचो. आदल्या वर्षी जुलैतच औषध नासलं. उम्मा अंथरुणाला खिळली. मामांनी गुपचूप कफनाचं कापड काढून ठेवलं होतं. सप्टेंबरचं पहिलं जहाज आलं म्हणून ती वाचली. त्या फ्रिजमुळे तिचा पुढचा पावसाळा सुखात गेला. त्यानंतरच्या मेमध्ये मात्र वायरलेसवर निरोप आला. दिल्लीहून तनेजा नावाचे अधिकारी शेवटच्या जहाजाने येत आहेत. कुत्र्याची प्रत्यक्ष पाहणी! कुत्रा नसल्यास फ्रिज त्याच जहाजाने परत!

"आता रे?" मुत्तुकोया म्हणाला.

"तू कालिकतला दोनदा कुत्रा ऐकलायस ना? भुंकशील?"

"इक्का, मी कंपाउंडर आहे!" आमच्याकडे थोरल्या भावाला इक्का म्हणतात.

"मग फ्रिज गेल्यावर औषधं तूच फुंकर घालून गार ठेव!"

मुत्तुकोया निमूटपणे काथ्याच्या ढिगामागे जाऊन बसला.

तनेजासाहेब होडीतून उतरले ते हिरवेगार होऊन. समुद्र लागला होता. दोन शहाळी पोटात गेल्यावर त्यांनी फाईल उघडली. "जहाज दोन तासांत सुटतंय. कुत्रा दाखवा."

"साहेब, तो बुजरा आहे. जवळ येत नाही. पण ऐका!"

मी खाकरलो. ढिगामागून आवाज आला. घशात माशाचा काटा अडकल्यासारखा! त्याने बिचकून शेजारच्या शेळ्या ओरडायला लागल्या.

"हा मेंमेंसुद्धा करतो?"

"बेटावर वाढलाय साहेब! सोबत शेळ्यांचीच."

तनेजांनी मान डोलावली आणि सरळ दवाखान्यात शिरून फ्रिज उघडला. खालच्या खणात लशीच्या सहा बाटल्या, सील न फोडलेल्या. वर इन्शुलिन.

"कुत्र्याला साखरेचा आजार आहे?"

"वय झालंय हो त्याचं!"

कोपऱ्यातल्या बाकावर उम्मा सुई टोचून घ्यायला आली होती. ती काठी टेकत उठली. तिला दिल्लीची भाषा येत नव्हती आणि तनेजांना आमची. पण माझा चेहरा तिला जन्मापासून वाचता यायचा.

"हा खोटं बोलतोय," ती आमच्या भाषेत म्हणाली. "कुत्रा-बित्रा काही नाही इथे. मी आहे. सांग त्यांना."

"काय म्हणतात या?" तनेजांनी विचारलं.

काहीही सांगता आलं असतं! 'चहा घेणार का विचारतेय,' एवढं म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण उम्मा माझ्याकडे बघत होती. तिच्या देखत तिचंच बोलणं फिरवायची माझी छाती झाली नाही. मी शब्दन्‌शब्द सांगितलं. जुलैचं आजारपण सांगितलं, कफनाचंही सांगितलं.

तनेजांनी फ्रिजचं दार लावलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मंजुरी कुत्र्याची आहे, पूकोया. आईची नाही. कुत्रा नाही असं मी लिहिलं, तर फ्रिज आत्ता माझ्या होडीत चढवावा लागेल."

बाहेर मुत्तुकोयाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो बिचारा अजून जीव तोडून भुंकत होता!

तनेजांनी पेन काढलं आणि लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी कुत्र्याचे भुंकणे स्पष्ट ऐकू आले.' खाली सही, शिक्का. मग उम्माला वाकून सलाम केला आणि जाता जाता मला म्हणाले, "त्याला पाणी द्या. घसा बसलाय त्याचा."

त्यानंतर दर एप्रिलला दिल्लीहून पत्र यायचं. छापील मजकुराखाली तनेजांच्या अक्षरात एक ओळ, 'कुत्र्याची प्रकृती कशी आहे?' उम्मा विचारायची, "माझ्या कुत्र्याचा कागद गेला का रे?" मी लिहायचो, 'उत्तम. भूक चांगली आहे.' अशी अकरा वर्षं गेली.

बाराव्या वर्षी फेब्रुवारीत उम्मा गेली. शांतपणे, झोपेत. दवाखान्यात तोवर विजेचा फ्रिज आला होता, तनेजाही निवृत्त झाले होते. एप्रिलचा फॉर्म समोर घेऊन मी दुपारभर बसलो. डोळे पुसले आणि लिहिलं, शून्य.

पुढच्या जहाजाने फॉर्म परत आला! 'पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला नसल्याने शून्य मान्य करता येत नाही. मागील वर्षाचा आकडा कायम ठेवावा.'

ठेवला. निवृत्तीच्या दिवशी नव्या कारकुनाला कचेरीचा ताबा दिला. टेबल एक, टाइपरायटर एक, कुत्रा एक. पोराने न वाचता सही केली. आमच्या बेटावर अजून एक कुत्रा आहे म्हणे. वय सत्तेचाळीस, प्रकृती उत्तम, भूक चांगली!